वेग आणि चढ



बिनतारी संदेशानें चालणारे विजेचे छोटे ट्रक हल्लीं जुन्नरांतील मुलांच्या हातीं दिसूं लागले आहेत. ते पाहतांच जो तो विचारतो, "किती पळतो?" हा प्रश्न अपुरा आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आंबेगांव तालुक्यांतील एक विद्यार्थी आपला ट्रक घेऊन मजकडे आला. सपाट मैदानावर तो ट्रक बाणासारखा सुटे. परंतु शिवनेरीकडे जाणाऱ्या चढावर थोडें अंतर गेला, कीं मोटर हात लावूं न देण्याइतकी तापे. वर्षभर खाऊचे पैसे सांठवून घेतलेली मोटर जळेल, या भीतीनें मुलाचा चेहरा उतरला होता. "गुरुजी, याहून मोठी मोटर घेऊं का?" त्यानें विचारलें. वडील जवळच उभे होते. कांद्याचा भाव पडलेला. ते कांहीं बोलले नाहींत.

आम्हीं दांते मोजले. मोटरीच्या आंसावरील लहान चाकास २७, व तें ज्या मोठ्या चाकास फिरवितें त्यास ५४. म्हणजे मोटरीचे दोन फेरे झाले, कीं मोठें चाक एकदां फिरतें. लहान चाक १८ दांत्यांचें बसविलें, तर हेंच प्रमाण तिनास एक होतें. मोटरीची गति तीच धरिली, तर ट्रकचा वेग एकतृतीयांशानें घटतो. परंतु तोच चढ चढतांना मोटरीस पूर्वीच्या दोनतृतीयांशच जोर लावावा लागतो. विजेचा प्रवाहहि त्याच मानानें उतरतो. आणि तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें बदलत असल्यामुळें ती निम्म्याहूनहि खालीं येते.

थोडक्याच पैशांत १८ दांत्यांचें चाक मिळालें. दांत्यांत दांते नीट बसावे म्हणून मोटर किंचित् पुढें सरकविली. ट्रक सावकाश, पण न थांबतां चढला. मोटर कोमटच राहिली. मैदानावरील शर्यतींत मात्र तो मागें पडूं लागला. आतां तो मुलगा दोन्ही चाकें जवळ बाळगतो: मैदानासाठीं एक, चढासाठीं एक.

हाच हिशेब बोरघाटांत आगगाडीच्या इंजिनांसाठींहि करावा लागला. तेथें ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. जी. आय. पी. रेल्वेनें १९२८ पासून आणविलेलें मालगाडीचें विजेचें इंजिन सुमारें २६०० अश्वशक्तीचें होतें. लोक त्यास ‘खेकडा’ म्हणत. १९३० सालीं सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचें इंजिन सुमारें २१६० अश्वशक्तीचें. शक्ति अधिक असून खेकडा मंद, आणि शक्ति कमी असून दुसरें चपळ! एकाची शक्ति ओझें ओढण्यास जोडलेली होती, दुसऱ्याची धांवण्यास. दोघांनींहि आपापलें काम चोख बजाविलें.

पालकहो, आपल्या मुलाचा वेग शेजारच्या मुलाशीं ताडून पाहतां, तेव्हां त्याच्यापुढें मैदान आहे कीं चढ, हेंहि एकवार पाहावें.