गोवळकोंड्याची टाळी

मध्यंतरी हैदराबादला जाणे झाले. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली उभा राहून मी टाळी वाजवली. सुमारे किलोमीटरभर दूर, वर बालाहिसारला थांबलेल्या मुलीला ती ऐकू आली. "खालचा वारा वर पोचला!" मी म्हणालो. ती हसली. "बाबा, वारा तिथेच. हवेचे कण जागच्या जागी पुढेमागे हलतात, शेजारच्याला धक्का देतात. जातो तो धक्काच."

मी कला शाखेचा, सरकारी कारकून. तरी आठवले, मिरामारला पाण्यावरचा नारळ लाटेच्या माथ्यावर पुढे येतो, खळग्यात मागे जातो. कण जवळपास वर्तुळात फिरतो. दोरीला झटका दिला तर ती नुसती वरखाली हलते.

याच शहरात समुद्राची पाखर घेणारी 'इन्कॉइस' संस्था आहे. भूकंपाची पहिली लाट टाळीसारखी, पुढेमागे ढकलणारी. दुसरी दोरीसारखी, आडवी हलवणारी. दोन्ही त्सुनामीपेक्षा कितीतरी वेगवान. २६ डिसेंबर २००४ला सुमात्रापाशी भूकंप झाल्यावर चेन्नईला पाणी पोचायला दोन तासांहून अधिक लागले. वेळ होता, सांगणारे कोणी नव्हते. देशात दहा हजारांवर माणसे गेली. २००७पासून इन्कॉइसचे त्सुनामी इशारा केंद्र तो निरोप देते.

समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात आमच्या रांपणकारांसाठी कोणीतरी रात्रभर जागे असते. परतताना मी पुन्हा एक टाळी वाजवली, त्यांच्यासाठी.