पाठभेद

शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

लेनर्ड कोहेन असता तर आज नव्वद वर्षांचा झाला असता. दादाला फोन केला, तर म्हणाला, "पितृपंधरवड्यात वाढदिवस कसला करतेस?" मग स्वतःच हसला. "बरोबरच आहे म्हणा. उद्या ये. नानांना पेटी काढून ठेवायला सांगतो."

दिवसभर एका संतगाथेची प्रुफं डोळ्यांखालून घातली. निम्मं पान तळटीपांनीच भरलेलं. क प्रतीत हा शब्द, ख प्रतीत तो, ग प्रतीत अख्खं चरण गायब. तीस वर्षं मुद्रितशोधन करतेय, पण यातलं मूळ कुठलं, हे एकाही संपादकाने मला छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

रात्री 'सुझान' लावलं. मॉन्ट्रियलच्या बंदराजवळ राहणाऱ्या एका नर्तिकेवरचं हे गाणं जुडी कॉलिन्सने १९६६ साली गायलं. तेव्हा कोहेन कवी-कादंबरीकार म्हणून कॅनडात ठाऊक होता, गायक म्हणून नाही. त्याची स्वतःची पहिली तबकडी आली १९६७च्या डिसेंबरात. म्हणजे लोकांनी आधी कव्हर ऐकलं आणि मूळ मागाहून. ख प्रत क प्रतीच्या आधी छापून आलेली!

रविवार, २२ सप्टेंबर

पार्ल्याला पोचले तेव्हा भाची कोल्डप्लेच्या तिकिटांच्या ऑनलाइन रांगेत उभी होती. उभी म्हणजे सोफ्यावर पालथी. "आत्या, माझ्यापुढे सात लाख माणसं आहेत." नाना चष्मा पुसत म्हणाले, "पंधरा दिवसांपूर्वी लालबागला यायचं होतंस, लवकर आटपलं असतं."

वहिनीने साबुदाणावडे तळले होते. कुणाचाही उपवास नव्हता. मग नेहमीचा वाद: कोहेनचं 'हालेलुया' खरं कुणाचं? दादा मूळवादी, आमचा मित्र वसईकर जेफ बकलीचा भक्त, वहिनी के. डी. लँगची. मी जॉन केलची बाजू घेते आणि दरवेळी एकटी पडते.

मूळ ध्वनिमुद्रण १९८४चं. दादा कितीही कैवार घेवो, त्यातला सिंथेसायझर लग्नाच्या बँडमधल्या कॅसिओसारखा वाजतो, हे त्यालाही कबूल आहे. अमेरिकेतल्या कंपनीने तर तो अल्बम आपल्या बाजारात आणायलाच नकार दिला होता. गाणं पडून राहिलं. १९८८ साली बॉब डिलनने ते आपल्या मैफलीत म्हटलं, तेव्हा ते ओळखणारे प्रेक्षक थोडेच असणार. मग एका फ्रेंच नियतकालिकाने कोहेनच्या गाण्यांचा संग्रह काढायला घेतला आणि त्यासाठी केलने शब्द मागवले. कोहेनने कडव्यांवर कडवी लिहून ठेवलेली. ऐंशीच्या आसपास, असं सांगतात. फॅक्समधून पंधरा पानं निघाली. केलने त्यातली त्याच्या मते खट्याळ तेवढी निवडली, बाकीची बाजूला सारली, सिंथेसायझर आणि कोरस दोन्ही घालवले आणि नुसत्या पियानोवर गायला. साल १९९१. तीन वर्षांनी बकलीने जे गायलं, ते केलचं ऐकून.

"म्हणजे तुझा बकली कोहेनला गातच नाहीये. केलला गातोय," मी वसईकरला म्हटलं.

तो गप्प बसला. दोन मिनिटंच. मग त्याने ती गिटारची सुरुवात लावली. पहिला शब्द उच्चारण्याआधी बकली एक श्वास सोडतो, तो. आता मी गप्प. बकली तिसाव्या वर्षी मेम्फिसजवळच्या नदीत बुडून गेला, हे ठाऊक असल्यामुळे तो श्वास आपल्याला जास्त लागतो का, असं वहिनीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. एरवी ती असल्या वादात पडत नाही, वडे मोजते.

२००८च्या नाताळात इंग्लंडच्या यादीत हे गाणं एकाच आठवड्यात तीनदा होतं. टीव्हीवरची स्पर्धा जिंकलेली अलेक्झांड्रा बर्क पहिली, बकली दुसरा, कोहेन छत्तिसावा. नाना म्हणाले, "लेकीसुना माजघरात आणि आजोबा पडवीत."

भाचीला तिकीट मिळालं नाही. सात लाखांवरून चार लाखांवर आली आणि खिडकी बंद झाली.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

रमेश बाळसेकर गेले त्याला आज पंधरा वर्षं झाली. पाऊस उघडला होता, म्हणून संध्याकाळी खेतवाडीच्या गल्ल्यांतून चालत केम्प्स कॉर्नरपर्यंत गेले. वाटेत फुलवाले, प्लायवूडची दुकानं, एक दुचाकी अंगावर येता येता राहिली.

खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहत. मारुती कांबळी, विडीचे दुकानदार. माळ्यावरच्या छोट्याशा खोलीत मराठीत बोलायचे आणि समोर जर्मन, अमेरिकन, कोण कोण मांडी घालून बसलेले. बँक ऑफ इंडियाच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले बाळसेकर शेवटच्या वर्षांत त्यांचे दुभाषी होते. महाराज १९८१ साली गेले. पुढे बाळसेकर स्वतःच्या घरी, वॉर्डन रोडच्या बाजूला, सकाळी इंग्रजीत बोलू लागले. कॅलिफोर्नियाच्या डोंगरावरच्या झेन मठात पाच-एक वर्षं काढलेल्या, भिक्षू झालेल्या कोहेनच्या हाती बाळसेकरांचं पुस्तक पडलं आणि मठ सोडल्यावर, १९९९च्या सुरुवातीला, तो थेट मुंबईत आला. केम्प्स कॉर्नरच्या एका साध्या हॉटेलात राहायचा, सकाळी बाळसेकरांकडे, मग पोहायला. असा महिनोन् महिने, पुन्हा पुन्हा. वर्षानुवर्षं मानेवर बसलेलं नैराश्य त्या सुमारास हळूहळू उतरत गेलं, असं त्याने पुढे मुलाखतींतून सांगितलं.

महाराजांचं मराठी, बाळसेकरांचं इंग्रजी. दुभाष्याने काय घेतलं, काय गाळलं, कुठे आपलं घातलं, यावर महाराजांच्या भक्तांत वाद आहेत. ते आमच्या वादासारखेच आहेत. मूळ मराठी सोडून कोहेन जे ऐकायला आला ते कव्हरच होतं आणि तेवढ्यावर तो रोज सकाळी येऊन बसत होता.

मला दुखतं ते वेगळंच. १९९९ साली मी गिरगावातच होते. माझ्याकडे त्याच्या चार कॅसेट्स होत्या, टोरांटोच्या मावसभावाने आणलेल्या. आणि हा माणूस वीस मिनिटांच्या चालीवर राखाडी केसांनिशी रस्ता ओलांडत होता. मला पत्ता पेपरातून लागला तोवर तो परत गेला होता. हॉटेलच्या खालच्या दुकानातून एक पार्ले-जी घेतला आणि घरी आले.

रविवार, ६ ऑक्टोबर

घट बसलेले, म्हणून वहिनी आज आमच्यात नव्हती. वसईकरने एन्रिके मोरेन्तेचा 'ओमेगा' आणला, १९९६चा. फ्लेमेन्को गाणारा ग्रानादाचा माणूस, मागे कर्कश रॉक बँड. नाना पहिल्या तानेलाच सरसावून बसले. "हा पोटातून गातोय."

गंमत त्यातल्या वॉल्ट्झची. लोर्का या स्पॅनिश कवीची एक कविता कोहेनने इंग्रजीत आणली, दीडशे तास खर्चून, असं तोच सांगायचा. तिला चाल लावली. पंधरा वर्षांचा असताना लोर्का वाचून तो इतका वेडा झाला होता की पुढे मुलीचं नावच त्याने लोर्का ठेवलं. मोरेन्तेने कोहेनची चाल उचलली आणि तिच्यात लोर्काचे मूळ स्पॅनिश शब्द परत बसवले. शब्द माहेरी आले, अंगावर साडी मात्र सासरची.

दादा यावर काही बोलला नाही. मूळवाद्याची इथे पंचाईत होते.

बुधवार, १६ ऑक्टोबर, कोजागरी

गच्ची. ढगांमुळे चंद्र अर्धा वेळ बेपत्ता. दूध मात्र दाट, चारोळी भरपूर.

भाचीने गिटारवर 'हालेलुया' धरलं, पांढरी एकमध्ये. नानांना तीन पट्ट्या एकदम दाबायचा तिटकारा. "पेटीचा हार्मोनियम करता तुम्ही," असं ते म्हणतात, आणि याचा अर्थ त्यांनाच ठाऊक. पण आज त्यांनी दाबल्या. भाचीला विचारलं, या ओळीत तो काय म्हणतोय? तिने सांगितलं: कॉर्डची नावंच सांगतोय. चौथा स्वर, पाचवा, मग मायनर खाली, मग मेजर वर.

नाना थांबले. परत वाजवलं. चौथा म्हणताना म ध सा, पाचवा म्हणताना प नी रे, मायनरला ध सा ग आणि मेजरला पुन्हा म ध सा.

"अगं, हे तर लक्षणगीत!"

भाचीला लक्षणगीत म्हणजे काय ते माहीत नव्हतं. नानांनी समजावलं: रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, सगळं बंदिशीच्या शब्दांतच सांगून टाकायचं, विद्यार्थ्याने गाणं पाठ केलं की राग पाठ. आणि मग त्यांनी जे दाखवलं, ते मी इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. मायनरवरून मेजरवर जाताना ध आणि सा जागच्या जागी राहतात. बदलतं एकच बोट. ग सोडायचा, म धरायचा. अंधुक उजेडात त्यांनी ते चारपाच वेळा केलं, भाता अगदी हळू. ग सोडला, म धरला. दर वेळी गच्चीवर कुणीतरी दिवा लावल्यासारखं.

ठेका सहा मात्रांचा. वसईकरने पातेल्यावर दादरा धरला, धा धी ना, धा ती ना. तो चपखल बसला आणि गाणं पार बदललं. दादा म्हणाला, "आता फक्त टाळकरी बोलवा."

मग विषय निघाला मराठीत आणायचा. शब्द कसा घ्यायचा? वसईकर म्हणाला, "आमच्या देवळात आम्ही 'आलेलुया' म्हणतो. आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत तो शब्द बंद असतो, एकदम ईस्टरला सुटतो. तुम्ही लोक बारा महिने म्हणता." हे त्याने कौतुकाने म्हटलं की टोमणा मारला, ते कळलं नाही.

यमकाचं मी पाहते म्हटलं, माझं खातं ते. कोहेन इंग्रजीतल्या 'तू'चा रस्त्यावरचा गबाळा उच्चार करतो आणि कडव्याच्या ओळी त्यावर संपवून या पवित्र शब्दाशी त्यांची यमकं जुळवतो. शब्द देवळातला, यमक भांडणातलं. आणि मराठीत? मराठीत हे यमक फुकट मिळतं: जाऊया, गाऊया, पाहूया, राहूया. पाच मिनिटांत मी वीस लिहिली. भाची टाळ्या वाजवायला लागली.

घरी येताना गाडीत कागद वाचला आणि लक्षात आलं की गाणंच हातातून गेलंय. 'ऊया' म्हणजे आपण सगळे मिळून. त्याच्या गाण्यात बोट रोखलेलं आहे, एकाच माणसावर. तुला काय फरक पडतो म्हणा, असं काहीसं. माझं झालं होतं गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरचं समूहगान. लग्नांत, टीव्हीवर, शाळांच्या स्नेहसंमेलनांत जगभर या गाण्याचं नेमकं हेच झालेलं आहे आणि मी इतकी वर्षं त्यांना नावं ठेवत आलेय.

रविवार, २० ऑक्टोबर

वहिनीचा मुद्दा वहीत टिपून ठेवण्यासारखा आहे. 'फेमस ब्लू रेनकोट' हे गाणं म्हणजे पत्र आहे आणि पत्राखाली सही असावी तसं शेवटी कोहेनचं नाव येतं. दुसऱ्या गायिकेने तिथे काय करायचं? काही जणी ते नाव बदलतात. वहिनी म्हणाली, "तुकारामाचा अभंग कुणीही गावो, शेवटी 'तुका म्हणे'च म्हणतात ना? भीमसेनांनी कधी 'भीमा म्हणे' म्हटलं का?"

दादा उठून आत गेला आणि वहिनीसाठी चहा टाकला. बत्तीस वर्षांत हे दुसऱ्यांदा.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळणीत जेनिफर वॉर्न्सची सीडी. सीडी वाजवायला माझ्याकडे यंत्र नाही, हे दादाला माहीत आहे. वॉर्न्स आधी कोहेनमागे कोरसमध्ये गायची. ऐंशीच्या दशकात, त्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा, तिने त्याच्याच गाण्यांचा अख्खा अल्बम केला. त्यातलं मॅनहॅटनवरचं गाणं त्याच्या स्वतःच्या अल्बमच्याही आधी आलं. "बहिणीने भावासाठी केलं," दादा म्हणाला. तेवढ्यापुरतं का होईना, मूळवाद्याने कव्हर विकत घेतलं.

भाची जेवताना गप्प होती. तिच्या खोलीत माझा तो 'ऊया'चा कागद दिसला, लाल शाईने आडवा-उभा खोडलेला. माझ्या कागदावर आजवर कुणी लाल शाई चालवली नव्हती.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

कोहेनला जाऊन आज आठ वर्षं झाली.

रात्री अकराला भाचीचा ध्वनिसंदेश. मराठी 'हालेलुया', नुसती गिटार, मागे पंख्याची घरघर. 'ऊया' एकही नाही. यमक तिने सोडूनच दिलंय. ओळी 'तू'वर येऊन थांबतात आणि मग तो शब्द एकटाच येतो, वसईकरच्या उच्चाराने, आलेलुया. लक्षणगीताच्या ओळीत म आणि प सरळ नावाने घेतलेत. मायनरला तिची एक तार जराशी दबत नाही, भुणभुणते. ती तशीच ठेवलीय.

तीन वेळा ऐकलं. शय्यागृहातलं कडवं नव्हतं. केलने मुद्दाम निवडलेलं, बकली ज्याच्यासाठी श्वास राखून ठेवतो, ते. मी लिहिलं, "एक कडवं राहिलं."

उत्तर आलं, "राहिलं नाही, गाळलं. घराच्या भिंती पातळ आहेत आणि आई जागी आहे, आत्या."

वहीत नोंद: भा. प्रत, पार्ले. कडवी तीन. 'ऊया' पाठ अग्राह्य. चौथे कडवे नाही, कारण, आई.