गच्चीवरची राखण

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये गच्चीवरच्या वाफ्यात मेथी उगवली की मला कळायच्या आधी खारीला कळतं. मग कबुतरं येतात, आणि एखाद्या दिवशी माकडांची टोळी. कोवळं पान मऊ, पचायला हलकं आणि प्रथिनांनी भरलेलं. जून पानं सोडून सगळे त्याच्यावरच का तुटून पडतात, ते उघड आहे. म्हणून राखण पेरणीच्या दिवसापासूनच हवी. कमानी रोवून त्यावर जाळी ताणून बांधायची. सैल राहिली तर पाखरांचे पाय अडकतात. पुदिना, कांद्याची पात यांना मात्र फारसं कुणी विचारत नाही, ती कठड्याकडेला उघड्यावर.

कोकणात हीच राखण म्हणजे रात्रीची जागरणं. माळा, गोफण, डबे बडवणं, बुजगावणं, आणि बांधाभोवती गुंडाळलेल्या जुन्या साड्या. जनावर शहाणं, चार दिवसांत त्याची भीती मोडते, म्हणून युक्ती सतत बदलावी लागते. सौर कुंपण टिकतं, पण तारेला टेकलेलं गवत वेळोवेळी कापलं तरच. वानर आणि रानडुकरांपायी कित्येकांनी भुईमूग, नाचणी करणंच सोडलं.

माझी मेथी गेली तर खाली कोपऱ्यावर जुडी मिळते. ज्याचं वर्षाचं धान्य शेतात उभं आहे, त्याला निसर्गाशी जुळवून घ्यायचा उपदेश माझ्यासारख्याने गच्चीवरून करू नये. 1972च्या वन्यजीव कायद्याने जनावरं राखली, ते योग्यच. त्या राखणीचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्याच्या माथी नको.