हवा आत कुठून येणार?

"गिझर गॅसचा आहे का?" अम्मीची नाडी बघता बघता डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी हो म्हणालो आणि लगेच म्हणालो, "पण बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा आहे. मीच बसवलाय."

त्या काही बोलल्या नाहीत. अम्मीच्या नाकाला ऑक्सिजन लावला.

डिसेंबरातला शुक्रवार होता. जुम्म्याची आंघोळ अम्मी सावकाश करते. नळ चालू होता, पण तांब्याचा आवाज थांबला होता. बायकोने दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही, तेव्हा मी खांद्याने कडी तोडली आणि बायको चादर घेऊन आत धावली. अम्मी स्टुलावर बसलेली, डोकं भिंतीला टेकलेलं. हॉलच्या खिडकीशी आणल्यावर तिने डोळे उघडले आणि एवढंच म्हणाली, "सर फट रहा है."

आता पंख्याची गोष्ट. कोंढव्यातल्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम सात बाय पाच फुटांचं. वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी, ती इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारी. छताला काळी बुरशी धरायची, म्हणून मी सहा इंची पंखा आणला. खिडकीतल्या काचा काढल्या, त्या जागी प्लायवूड बसवलं, मधोमध गोल भोक पाडून पंखा बसवला. उरलेल्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. झुरळं येतात म्हणून दाराखाली रबराची पट्टीही लावली. काम इतकं नीट झालं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो.

त्या दिवशी पंखा बंदच होता. अंगावर वारं लागतं म्हणून अम्मी तो लावतच नव्हती. बंद पंख्याच्या झडपा मिटतात. म्हणजे जी खिडकी थोडीफार का होईना, रात्रंदिवस उघडी होती, ती मीच बंद केली होती. दाराखालची फटही मीच बंद केली होती. गिझरची ज्योत त्या खोलीतलाच ऑक्सिजन घेत होती आणि जळलेला वायू त्याच खोलीत सोडत होती. ऑक्सिजन कमी पडला की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. बुरशीचं मूळही तिथेच होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. मी बुरशीशी भांडत बसलो आणि गिझरकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. वय साठीच्या पुढचं. त्यांनी पंखा चालू केला, दार लावलं आणि मला विचारलं, "हा हवा बाहेर टाकणार. पण आत कुठून येणार?" मला उत्तर देता आलं नाही. मग ते गच्चीवर गेले. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून कुणीतरी डक्टच्या तोंडावर पत्रा टाकून ठेवला होता. म्हणजे पंखा चालू असता तरी आमची वाफ तिथेच घुटमळून कुणाच्या तरी घरात गेली असती.

पंखा जास्त ताकदीचा घेऊ का, असं विचारलं तर त्यांनी हात जोडले. बाथरूममध्ये गॅस जळत असताना बंद खोलीतून पंखा हवा ओढायला लागला, तर उलट तो जळका वायू नीट वर जाऊच देत नाही. आधी गिझर बाहेर काढा, म्हणाले.

गिझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत गेला. आत फक्त गरम पाण्याची पाइपलाइन आली. पंख्याला सहा इंची पाइप जोडून तो बाहेरच्या भिंतीतून काढला, एकच वळण ठेवून. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे आत जमलेलं पाणी मोटारवर येत नाही. तोंडाला जाळी, वर छपरी. बटण बाथरूमच्या बाहेर, अर्थिंग तपासलेलं. रबराची पट्टी काढून दाराला खालून जाळी बसवली. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राची एक चिंधी दाराच्या जाळीपाशी धरली. ती आतल्या बाजूला झुकली. "आता घर श्वास घेतंय," म्हणाले.

आंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालतो. बुरशी परत आली नाही.

अम्मीला बघायला नातेवाईक आले तेव्हा ती प्रत्येकाला सांगत होती, "नाश्ता नहीं किया था, चक्कर आ गई." पंख्याचा, प्लायवूडचा, माझा उल्लेख नाही. मी शेजारी बसून चहा देत होतो आणि गप्प होतो. एकदा न राहवून बोलायला गेलो, तर तिने माझा हात दाबला.

म्हणून इथे सांगतोय. तुमच्याकडे गॅसचा गिझर बाथरूममध्ये असेल, तर आज तो बाहेर काढायचं बघा. तोवर बादली बाहेरून भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. पंखा असेल, तर कागदाची एक चिंधी दाराखाली धरून पाहा.

अम्मी आता आतून कडी लावत नाही. मी तुटलेली कडी बदललेलीही नाही.