मधली चार अक्षरं

निवडणुकीच्या सल्लागाराने माझ्यासमोर माझ्याच व्हिजिटिंग कार्डावर पेनाने गोल काढला.

माझं आडनाव इंग्रजीत तेरा अक्षरांचं. अर्थ हजार बुद्ध्यांचा, एवढं सांगितलं तरी मराठी वाचकाला पुरे. त्याने पहिली सात अक्षरं सोडली, शेवटची दोन सोडली आणि मधल्या चारांभोवती गोल ओढला. बी-यू-डी-डी. ‘बड,’ तो म्हणाला. ‘हे चालेल. पहिल्या नावाचं सँडी वगैरे काहीतरी बघू.’ मग कॉफीत साखर घातली.

मागचं थोडक्यात सांगते. साताऱ्याची मी, लग्नानंतर क्लीव्हलँडला आले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कायदा शिकले आणि पुढे बावीस वर्षं अपिलांचंच काम केलं. ओहायोत न्यायाधीश लोक निवडून देतात, 1851 च्या राज्यघटनेपासून. अपील कोर्टाचे बारा जिल्हे आहेत. आमचा आठवा, म्हणजे एकटी कायाहोगा काउंटी. तिथे बारा न्यायाधीश, मुदत सहा वर्षांची, आणि प्रत्येक अपील तिघांच्या पीठापुढे. मी पक्षाच्या प्राथमिक फेरीत उतरले. आमच्याकडे खरी लढत बहुधा तिथेच होते.

तर नाव. आमच्या काउंटीत न्यायाधीशपदाला आयरिश आडनाव चालतं, हे टॅक्सीवालाही सांगेल. याच अपील कोर्टावर एका वेळी तीन गॅलगर होते. त्यांतल्या दोघी आयलीन. एक आयलीन ए., दुसरी आयलीन टी. तिघांच्या कायद्याच्या जाणकारीबद्दल मला तक्रार नाही, त्यांचे निकाल मी आदराने वाचलेत. पण मतदार निकाल वाचून थोडाच येतो! मतपत्रिकेच्या तळाशी पोचेपर्यंत तो दमलेला असतो. वरच्या नावाला फुकटचा फायदा मिळू नये म्हणून इथे मतदान केंद्रागणिक उमेदवारांचा क्रम फिरवतात. क्रमाची एवढी काळजी घेणाऱ्यांनी नावाचं काय करावं?

मी त्याला सरळ नाही म्हणाले, असं आत्तापर्यंत सगळ्यांना सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. मी म्हणाले, ‘विचार करते.’ घरी येऊन कायदा उघडला. पाच वर्षांच्या आत नाव बदललं असेल तर अर्जावर जुनं नावही द्यावं लागतं. म्हणजे बड व्हायचं तर तयारी पाच वर्षं आधीपासून हवी. मग ओट्याशी उभी राहून वाणसामानाच्या यादीच्या मागे ‘बड’ अशी सही करून पाहिली. चारदा. चौथी बरी जमली होती. नवरा पाणी प्यायला आला तेव्हा कागद चुरगाळून टाकला. त्याने विचारलं नाही, पण पाहिलं असणार. ते त्याच्या आजोबांचं नाव आहे, माझं माहेरचं नव्हे, आणि नेमकं त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. सल्लागाराचा राग येतो तो बहुतेक या चार सह्यांमुळेच.

अखेर तेराच्या तेरा अक्षरं ठेवली. पाट्यांवर ती मावेनात म्हणून छापणाऱ्याने टाइप बारीक केला. रस्त्यावरून गाडीत जाताना ती वाचायची तर गाडी थांबवायला हवी.

पैशांचं वेगळंच. न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने एकेकट्या माणसाकडे वर्गणी मागायची नाही, ते काम समितीचं. मात्र समोर वीस किंवा जास्त माणसं असतील तर सर्वांना मिळून आवाहन करता येतं. एका ओळखीच्यांच्या बेसमेंटमध्ये आमची सभा होती. मी भाषण करता करता डोकी मोजत होते. सतरा. यजमानीणबाईंनी वरून सासऱ्यांना आणलं, शेजारच्या जोडप्याला बोलावलं. वीस झाले आणि मी पैशांचं वाक्य उच्चारलं. तेवढ्यात सासरे उठून बाथरूमला गेले. आता हा नियमभंग का, हे मी खरंच दोन दिवस शोधत होते.

हे सगळं साताऱ्याच्या काकांना फोनवर सांगितलं. ते जिल्हा न्यायालयात नाझर होते. ‘न्यायाधीश दारोदार मतं मागतो? अगं, उद्या तोच माणूस पक्षकार म्हणून पुढ्यात आला तर?’ मी उसळून म्हणाले, ‘काका, तुमच्याकडे वरच्या कोर्टांचे न्यायाधीश कॉलेजियम बंद दाराआड ठरवतं, ते बरं? 2015 मध्ये त्याला पर्याय म्हणून केलेला आयोगसुद्धा सुप्रीम कोर्टानेच रद्द केला.’ ते म्हणाले, ‘पण तिथे निदान आडनाव कापायला कुणी सांगत नाही.’ आडनावं तिथेही कशी चालतात ते मला माहीत आहे, पण काकांशी वाद वाढवला नाही.

आणि काकांचा प्रश्न मला दारात भेटलाच. आमच्याच काउंटीतल्या युक्लिड गावात एका बाईने जाळीचं दार अर्धवट उघडून विचारलं, ‘घरमालक भाडेकरूला काढतो, त्यात तुम्ही कुणाच्या बाजूने?’ तिच्या हातात नोटीसच होती. इथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या एका निकालापासून उमेदवाराला मत मांडता येतं, पण निकालाचं वचन देता येत नाही. हा फरक तिच्या पायरीवर, फेब्रुवारीच्या थंडीत, मी समजावत बसले. ती म्हणाली, ‘म्हणजे नाही सांगणार.’ दार लावलं. मी निवडणुकीच्या बाजूने घरून निघाले होते, त्या पायरीवरून उतरताना काकांच्या बाजूची होते. पुढच्या घरी एका म्हाताऱ्याने माझं आडनाव तीनदा म्हणून घेतलं आणि बरोबर येईपर्यंत मला सोडलं नाही. त्या दारातून निघताना पुन्हा निवडणुकीच्या बाजूची.

हरले. बऱ्यापैकी हरले. समोरच्या उमेदवाराचं आडनाव दोन उच्चारांत संपणारं, सुटसुटीत, आणि तो वकीलही चांगला आहे. तोच तर घोळ आहे.

मंडळाच्या गुढीपाडव्याला सगळे हळहळले. ‘नावामुळेच गं.’ मीही मान डोलवली. पण नागरिक झाल्यापासून कितीतरी निवडणुकांत मी स्वतः न्यायाधीशांच्या रकान्यात काय केलं? वकील असून, अपिलं लढणारी असून, दिवाणी कोर्टाच्या अनोळखी नावांपुढचे लंबगोल मी कानाला ओळखीच्या वाटणाऱ्या आडनावांवर काळे केलेत. हे मंडळात बोलले नाही. श्रीखंड वाढत होते.

परवा त्याच सल्लागाराचा मेसेज आला, पुन्हा उभं राहणार का म्हणून. शेवटी लिहिलं होतं, ‘नाव तुम्ही म्हणाल तेच.’ मी अजून उत्तर दिलेलं नाही. पाट्या गॅरेजमध्ये आहेत. बारीक टाइपाच्या.