अंगणातला सब्जा

गोंदिया हा धानाचा जिल्हा. ज्याला जमीन आहे तो बांधीत रोवणी करतो; ज्याला नाही तो राइस मिलमध्ये पोती उचलतो, नाहीतर घरी बसून बिड्या वळतो. आमचे घर दुसऱ्या प्रकारातले. अब्बा मिलमध्ये होते, अम्मी बिड्या वळायची. फुलझाडांना जागा आणि पाणी लागते, आणि आमच्या मोहल्ल्यात दोन्हींची चणचण. तरी अब्बांनी अंगणात गुलाब लावले होते. भिंतीच्या कडेने सब्जा, पुदिना, गवती चहा, अडुळसा. सांभार मात्र अम्मीच्या ताब्यात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझ्या उर्दू शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरी मोबाइल एकच, आणि तो बापाबरोबर कामावर जाणारा. ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, नदीकाठचे उभे धान पाण्याखाली गेले. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि त्याच महिन्यात अब्बा गेले. दवाखान्यातून थेट कब्रस्तान. चारपाच माणसांनी दफन केले. अम्मीला चेहरासुद्धा पाहता आला नाही.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. या रिवाजाबद्दल माझे मत वेगळे आहे, पण तो वाद इथे नको. माझ्या वाट्याला कबर आली नाही, अंगण आले.

अंगण तरी कुठे धड होते? बाजारातून आणलेले कलमी गुलाब उन्हाने वरून वाळले होते आणि कलमाच्या खालून रानटी फांद्या फुटल्या होत्या. या फांद्या मोठ्या जोमाने वाढतात, झाड जगले असे वाटते. पण तो मूळ गुलाब नव्हे. त्या बुडापासून काढाव्या लागतात. गावठी गुलाब तेवढा तग धरून होता. त्याची पेन्सिलीएवढी जाड काडी तिरपी कापून पावसाळ्यात ओल्या मातीत खोचली की मूळ धरते. सहा काड्या लावल्या, चार लागल्या. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलरला धानाचा तूसच जाळतात. ती काळी राख जुन्या शेणखतात मिसळली की आमची चिकट माती मोकळी होते. उन्हाळ्यात बुडाशी तणस पसरायची, छाटणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात करायची. ही सारी अब्बांची शिकवण. बी.एड.ला ‘कार्यानुभव’ होता, पण त्यात आम्ही कागदाची फुले केली.

त्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर सब्जा पेरला. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “अगं, ही तर तुळसच!” खरेच आहे. दोन्ही एकाच कुळातल्या. त्यांच्याकडे ती वृंदावनात, आमच्याकडे ही कबरीवर. अरबीत सुगंधी वनस्पतीला रैहान म्हणतात, सब्जालाही तेच नाव. सूरह रहमानच्या एकाच आयतीत तुसासकट धान्य आणि रैहान शेजारी शेजारी आले आहेत. शाळा पुन्हा भरल्यावर मी हे वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “बाजी, ये तो गोंदिया हुआ!”

गुलाबावर बोलताना आणखी एक सांगते, कारण मुलींना ते फार आवडते. गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात सासूला, म्हणजे नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला दिले आहे. सासूचे कसब लिहून ठेवणारे जावई किती सापडतील?

जुलैत रोपे वीतभर झाली. भाऊजानने त्यातली काही ओल्या फडक्यात गुंडाळून नेली आणि अब्बांच्या कबरीवर लावली. सब्जा हंगामापुरताच जगतो, पण त्याचे बी तिथेच झडते आणि पुढच्या पावसात आपोआप उगवते. कुठपर्यंत वाढला, किती दाट झाला, हे मी दर जुम्म्याला विचारते आणि भाऊजान हाताने उंची दाखवतो. हिवाळ्यात तो वाळलेल्या मंजिऱ्या आणतो. अंगणातले बी इफ्तारच्या सरबतासाठी बरणीत जाते. कबरीवरचे मी वेगळ्या डबीत ठेवते आणि जूनमध्ये वेगळ्या कुंडीत पेरते.

मागच्या पावसाळ्यात काकूंनी त्या कुंडीतली दोन रोपे मागितली. कुठली आहेत ते मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग पदरात घेऊन गेल्या. न्हाणीपाशी लावली आहेत; तिथे पाणी कायम असते.