नाव सोनुबाई...

मी कॉन्व्हेंटमधली, तेव्हा मराठीत थोडं सांभाळून घ्या! माझे मामा लोअर परळला राहतात. सुट्टीत गेले की बोट दाखवून सांगतात, ‘‘इथे गिरणीचा भोंगा वाजायचा.’’ आता तिथे काचेची ऑफिसेस आहेत.

1982 च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुढे काही जुन्या शेड्स दुरुस्त झाल्या, एसी बसले आणि नवे भाडेकरू यावेत म्हणून नावांचा खेळ सुरू झाला. जाहिरातीत लोअर परळचं चक्क ‘अप्पर वरळी’ झालं! याउलट फिनिक्स, कमला ही गिरण्यांची नावं तशीच राहिली, कारण जुनं नावच फॅशन बनलं. मामा म्हणतात, ‘‘गिरणीचं नाव राहिलं, गिरणीवाला गेला.’’

पण मित्रांनो, सिव्हिलवालीला वेगळाच प्रश्न पडतो. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिल कंपाउंडमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंट्सना आग लागली, 14 जीव गेले. बिल्डिंगचा वापर बदलला की माणसांची गर्दी, वायरिंगवरचा लोड, बाहेर पडायच्या वाटा, सगळं नव्याने मोजावं लागतं. पाटी रंगवायला एक दिवस पुरतो. दुसऱ्या जिन्याला मात्र पैसा आणि जागा लागते, शिवाय तो ब्रोशरमध्ये दिसत नाही. मग हाती उरतो कथलाचा वाळा!

उद्या लोणखेड्यातून आपणच साइटवर जाणार. मालक विचारेल, ‘‘नाव काय ठेवू या?’’ आपण आधी विचारू या, ‘‘जिने किती?’’